रविवारचा लाल आकडा

पत्र (थोडं आटोपून, ओळखीच्या खुणा काढून):

"डॉक्टर, नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. मुलगी सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला. दिवाळीच्या सुमारास तिला उजव्या डोळ्याने अंधुक दिसायला लागलं. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून चष्मा केला. फरक नाही म्हणून पुन्हा नंबर, पुन्हा चष्मा. एक दिवस ती भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहून, एक डोळा झाकून म्हणाली, 'आई, ह्या डोळ्याने रविवारचा आकडा लाल दिसतच नाही गं, विटकरी दिसतो.' मी म्हटलं, अभ्यासाने डोळे दमले असतील.

सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि लगेच एमआरआय करायला सांगितला. रिपोर्टात 'गाठ, कॅन्सरची शक्यता नाकारता येत नाही' असं होतं. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. मग सीटी स्कॅन झाला, त्यात 'फायब्रस डिस्प्लेशिया' आलं. कवटीच्या तळाचं हाड दोन्ही बाजूंना वाढलंय, दोन्ही डोळ्यांच्या नसा त्यात वेढल्या गेल्यात, शिवाय उजवीकडे 'द्रवाने भरलेली पोकळी' आहे असं लिहिलंय. उजव्या डोळ्याची नजर दीड महिन्यात 6/12 वरून 6/36 वर आली. डावा डोळा 6/6, म्हणजे ठणठणीत आहे.

एक सर्जन म्हणतात, दोन्ही नसा एकाच वेळी मोकळ्या करून टाकू, नाहीतर डावाही जाईल. दुसरे म्हणतात, साधी गाठ आहे, वय वाढलं की वाढ थांबते, सहा महिन्यांनी दाखवा. मिस्टरांचे चुलतभाऊ म्हणतात, कापाकापीपेक्षा शेक, म्हणजे रेडिएशन, द्या. सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना मी ग्रहण पाळलं नाही त्याचं हे फळ. लेकीला अजून आम्ही नीट सांगितलेलं नाही. पुढे तिच्या लग्नाचं, मुलाबाळांचं काय? मी कुणाचं ऐकू?"

ताई,

तुमचं पत्र मंगळवारी हातात आलं आणि त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला. दीड महिन्यात 6/36 वर आलेला डोळा सदराच्या पुढच्या अंकाची वाट पाहू शकत नाही. फोनवर आपलं जे बोलणं झालं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण तुम्ही म्हणालात की घरी चारजण चार बाजूंनी बोलतात आणि कागदावर असलं तर दाखवता येईल. शिवाय चष्म्याचा नंबर बदलत बसलेली अशी पोरं आणखी कुठेकुठे असतील, त्यांच्याही आईबापांच्या हे वाचनात यावं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमचे पहिले सर्जन उजव्या डोळ्याबाबत बरोबर आहेत आणि दुसरे डाव्या डोळ्याबाबत. उजव्या डोळ्यासाठी सहा महिने थांबायचं नाही, सहा दिवसही नाही. आणि डाव्या डोळ्याला, तो नीट दिसतोय तोवर, कुणीही हात लावायचा नाही.

आता हे असं का, ते सांगते.

आपल्या डोळ्यांच्या मागे, कवटीच्या तळाशी मधोमध स्फीनॉइड नावाचं हाड असतं. पुस्तकातल्या चित्रात ते पंख पसरलेल्या फुलपाखरासारखं दिसतं. डोळ्याची नस डोळ्यातून निघून मेंदूकडे जाताना ह्या हाडातल्या एका बोगद्यातून जाते. बोगदा साधारण एक सेंटिमीटर लांब, आणि त्यातून दहा-बारा लाख तंतूंची ती नस जाते. डोळ्याच्या खोबणीत नसेला जरा ढिलाई असते, थोडी नागमोडी असते ती, त्यामुळे डोळा पुढे ढकलला गेला तरी ती काही काळ निभावून नेते. बोगद्यात मात्र ढिलाई नाही. तिथे चारही बाजूंनी हाड.

फायब्रस डिस्प्लेशियात नेहमीच्या घट्ट हाडाच्या जागी तंतुमय, कच्चं हाड तयार होत राहतं. हाड आतून फुगतं. सीटी स्कॅनवर ते दुधी काचेसारखं दिसतं, बाथरूमच्या खिडकीला असते तशी काच. अनुभवी रेडिओलॉजिस्ट ते बघून बहुतेक वेळा तिथल्या तिथे ओळखतो. एमआरआयवर मात्र हाच आजार भल्याभल्यांना चकवतो, कारण तिथे तो भलत्याच गाठीसारखा उजळतो. तुमच्या घरात त्या रात्री चूल पेटली नाही ती एमआरआयच्या एका ओळीमुळे. हाडाच्या आजाराचा संशय असेल तर सीटी बघितल्याशिवाय 'कॅन्सर' हा शब्द कुणी कागदावर उतरवू नये असं मला फार तीव्रतेने वाटतं. एखाद्या कुटुंबाची एक रात्र ही लहान गोष्ट नसते.

तर, हा कॅन्सर नाही. ह्याचं कॅन्सरमध्ये रूपांतर होणंही अगदी क्वचित, शंभरात एकाहूनही कमी. आणि ते ज्यांच्यात झालेलं दिसतं त्यांच्यातल्या बऱ्याचजणांना पूर्वी शेक दिलेला असतो. म्हणून चुलतदिरांना माझ्या नावाने सांगा, हेतू चांगला असला तरी ह्या आजारात शेक देत नाहीत. शेकाने हे हाड विरघळत नाही. उलट साध्या आजाराला वाईट वळण लागण्याचा धोका वाढतो. शेकाचा विषय घरात पुन्हा निघू देऊ नका.

आता डावा डोळा. तुम्ही रिपोर्टात वाचलंत की डावी नसही हाडाने वेढलेली आहे, आणि तुमच्या पोटात गोळा आला. कुणाच्याही येईल. स्कॅन बघितला तर वाटतंच की आज ना उद्या ही नस चिरडणार. एके काळी डॉक्टरांनाही तसंच वाटायचं, आणि म्हणून नजर उत्तम असतानाही 'पुढे धोका नको' म्हणून नसा मोकळ्या केल्या जात. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ह्या आजाराचे रुग्ण वर्षानुवर्षं तपासले जातात. तिथल्या डॉक्टरांनी 2002 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जे मांडलं त्याने हा विचार उलटा केला. बोगदा हाडाने वेढलेला, अरुंद झालेला, तरी बहुतेकांची नजर शाबूत होती. हाड इतक्या सावकाश वाढतं की नस त्याच्याशी जुळवून घेते. 2019 साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून उपचारांची जी मार्गदर्शक तत्त्वं लिहिली, त्यांतही हेच आहे: नजर नीट असेल तर केवळ स्कॅन पाहून नस मोकळी करायची शस्त्रक्रिया करू नये, नियमित तपासत राहावं.

ह्या ठिकाणी मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. मी शिकत होते तेव्हाची. एकोणीस वर्षांचा मुलगा होता, कपाळाची एक बाजू थोडी पुढे आलेली, दोन्ही डोळे 6/6. स्कॅनवर डावी नस वेढलेली. 'आत्ताच करून टाकू' असं ठरलं. चर्चेच्या वेळी मी खोलीत होते, मीही मान डोलावली होती. हाड कोरताना ड्रिलची उष्णता, नसेला होणारा किंचितसा ताण, तिच्या रक्तपुरवठ्याला लागलेला धक्का, ह्यातलं नेमकं काय झालं ते कुणालाच सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या डोळ्यावरची पट्टी काढली. मी समोर बोटं धरली. तो म्हणाला, 'मॅडम, पट्टी काढा ना.' पट्टी माझ्या हातात होती.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. म्हणून सांगते, डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ही 'होऊन जाऊ दे एकदा' म्हणण्यासारखी नाही. चांगली चालणारी नस मोकळी करताना ती गमावण्याचा धोका खरा आहे, आणि ती तशीच ठेवली तर बहुतेक वेळा ती वर्षानुवर्षं चालते.

मग उजवा डोळा वेगळा का? त्याच कागदावरच्या त्या एका ओळीमुळे: 'द्रवाने भरलेली पोकळी'. फोनवर तुम्ही मला रिपोर्ट वाचून दाखवलात, त्यात पोकळीत रक्ताचे थर साचल्यासारखे दिसतात असंही होतं. फायब्रस डिस्प्लेशियाच्या हाडात कधीकधी आणखी एक गोष्ट उद्भवते, तिला अॅन्युरिझ्मल बोन सिस्ट म्हणतात. रक्ताने भरलेली, भराभर फुगणारी पोकळी. तीसुद्धा कॅन्सर नव्हे. पण मूळ हाड वर्षांच्या हिशोबाने वाढतं, ही आठवड्यांच्या हिशोबाने फुगते, आणि नसेला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. दुसरा असाच प्रकार म्हणजे म्युकोसील. वाढत्या हाडाने सायनसचं तोंड बंद होतं, आतला चिकट स्राव साचत जातो आणि त्याचा फुगा नसेवर दाबतो. ह्या आजारात नजर झपाट्याने गेली तर असं काही नव्याने उपटलंय का हे आधी शोधावं लागतं. 'साधी गाठ आहे, सहा महिन्यांनी या' हे वाक्य मूळ आजाराला लागू पडतं. पोकळीला नाही.

फोनवरच्या रिपोर्टवरून मी निदान करत नाही. ते समोर बसून, नस तपासून, स्कॅन स्वतः पाहून व्हायला हवं. पण घाई करण्याइतकं मला त्या ओळीतून आणि त्या आकड्यांतून दिसलं. 6/36 म्हणजे निरोगी डोळा जे अक्षर छत्तीस मीटरवरून वाचेल ते वाचायला तिला सहा मीटरवर यावं लागतं. हे दीड महिन्यात झालं. अशा वेळी वेळेवर दाब काढला तर नजर पुष्कळशी परत येऊ शकते. मी ती परत आलेली पाहिली आहे. उशीर झाला, नस पांढुरकी पडली, तंतू सुकले, की मग कितीही निष्णात सर्जन असला तरी तो नजर परत आणू शकत नाही. तुमच्या लेकीची नस अजून फारशी फिकी पडलेली नाही असं सोलापूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलंय. ती आपली जमेची बाजू आहे, आणि ती रोज थोडी थोडी कमी होते.

त्या डॉक्टरांचं मला मनापासून कौतुक वाटतं. बॅटरी मारून त्यांनी काय पाहिलं ते सांगते. एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर उजेड झुलवत नेला तर निरोगी माणसाच्या दोन्ही बाहुल्या लहानच राहतात. नस आजारी असली की त्या डोळ्यावर उजेड आणल्यावर बाहुली लहान व्हायच्या ऐवजी सैल पडते, मोठी होते. दोन मिनिटांची तपासणी, साध्या टॉर्चवर होणारी. चष्म्याच्या दुकानात ती होत नाही, व्हावी अशी अपेक्षाही नाही. पण एक गोष्ट दुकानातही करता येते: पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून तक्ता वाचायला लावायचा. अंधुकपणा चष्म्याच्या नंबराचा असेल तर भोकातून स्पष्ट दिसतं. भोकातूनही तेवढंच अंधुक दिसत असेल तर बिघाड नंबरात नाही, आणखी मागे आहे. सोळा वर्षांच्या मुलीला दोन चष्मे करूनही एका डोळ्याने दिसत नसेल तर तिसरा चष्मा करायचा नसतो.

आणि तो रविवारचा आकडा. ताई, तुमच्या लेकीने स्वतःच्या नसेचा आजार कुठल्याही मशीनच्या आधी ओळखला. डोळ्याच्या नसेवर दाब आला की रंग आधी फिके पडतात, त्यातही लाल. आमच्याकडे आम्ही लाल झाकणाची बाटली धरून हेच विचारतो: दोन्ही डोळ्यांना सारखाच लाल दिसतो का? बऱ्याच पेशंटना हे विचारेपर्यंत कळलेलंच नसतं, कारण दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा आजारी डोळ्याची कसर भरून काढतो. तिने आपण होऊन एक डोळा झाकून पाहिलं. तुम्ही त्या दिवशी 'अभ्यासाने दमले असतील' म्हणालात म्हणून फोनवर रडलात. नका रडू. कुठलीही आई तेच म्हणाली असती, आणि तरी तुम्ही तिला पुढे डॉक्टरकडे नेलंतच.

आता कुठे जायचं. एकट्या नेत्रतज्ज्ञाचं हे काम नाही, एकट्या मेंदूच्या सर्जनचंही नाही. जिथे नसेचा नेत्रतज्ज्ञ, नाकातून दुर्बिणीने कवटीच्या तळाची शस्त्रक्रिया करणारा कान-नाक-घसा सर्जन, न्यूरोसर्जन आणि हार्मोनचा डॉक्टर हे एका छताखाली बसून एक स्कॅन बघतात अशा ठिकाणी जा. तुम्हाला पुणे जवळ, आणि हैदराबादही मुंबईपेक्षा जवळच. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे सगळे विभाग असतात. मी फोनवर दोन ठिकाणं सांगितली, त्यांपैकी जिथे आधी वेळ मिळेल तिथे. जाताना सीटी आणि एमआरआयची सीडी घ्या. फिल्म खिडकीला धरून काढलेला मोबाइलवरचा फोटो कुणाच्याही कामाचा नसतो. बोगदा एक सेंटिमीटरचा, त्याचे एकेक मिलिमीटरचे काप बघावे लागतात. नजरेच्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्याही तारखेप्रमाणे लावून घ्या, दुकानातल्या नंबराच्या कागदांसकट. नजर किती दिवसांत किती उतरली ह्यावर निर्णय फिरतो, आणि तो हिशोब फक्त तुमच्या पिशवीत आहे.

खर्चाचं म्हणाल तर रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्र बसलेले असतात. भरती होण्याच्या आधी त्यांना भेटा, नंतर नाही. धावपळीत लोक आधी पैसे भरून बसतात.

तिथे पोचल्यावर सर्जनना विचारायला बिचकू नका. अंगणवाडीत तुम्ही पन्नास पोरांच्या वजनाची नोंद ठेवता, तशीच वही काढून बसा. नाकातून जाणार की कवटी उघडून? पोकळी रिकामी करून नसेवरचा दाब काढणार की सगळं हाड काढायचा विचार आहे? सगळं काढायचा हट्ट इथे नसतो. जेवढ्याने नस मोकळी होईल तेवढंच काढतात, कारण हे हाड मुळापासून निघत नाही आणि उरलेलं पुन्हा थोडं वाढूही शकतं. अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः केल्यात, हेही विचारा. चांगला सर्जन ह्या प्रश्नाने रागावत नाही. आणि 'डाव्या बाजूला हात लावणार नाही ना?' हे संमतीपत्रावर सही करण्याआधी, कागदावर लिहिलेलं बघून घ्या. शस्त्रक्रियेची वेळ मिळेपर्यंत डॉक्टर कदाचित स्टेरॉइड देतील. तो तात्पुरता आधार असतो. त्याने दोन ओळी जास्त वाचता आल्या म्हणून परत घरी फिरू नका.

एक तपासणी बरेचजण विसरतात, ती मी मुद्दाम सांगते. ह्या आजाराचा एक मोठा भाऊ आहे, मॅक्यून-अल्ब्राइट सिंड्रोम. 1936 आणि 1937 साली दोन डॉक्टरांनी तो वेगवेगळा लिहून ठेवला, त्यांचीच नावं. त्यात हाडांबरोबर त्वचेवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे, वेड्यावाकड्या कडांचे डाग असतात, पाळी फार लहान वयात येते आणि काही हार्मोन बेसुमार तयार होतात. त्यातलं वाढीचं हार्मोन डोळ्यांसाठी घातक, कारण ते ह्या हाडाला खतपाणी घालतं. बेथेस्डाच्याच डॉक्टरांनी 2013 साली दाखवलं की हे जास्तीचं हार्मोन लहानपणीच ओळखून आटोक्यात आणलं तर डोळ्यांच्या नसा वाचतात. म्हणून मी फोनवर तुम्हाला तिच्या चपलांबद्दल विचारलं आणि तुम्ही गोंधळलात. दोन वर्षांत चपलेचा नंबर वाढला का, बोटातली अंगठी घट्ट झाली का, ह्यावरून अंदाज येतो. तुम्ही म्हणालात, नंबर तोच आहे, पाळी बाराव्या वर्षी आली, पाठीवर-मानेवर डाग नाहीत. हे सगळं चांगलं आहे. तरीसुद्धा वाढीचं हार्मोन जास्त आहे का हे सांगणारी रक्ताची आयजीएफ-1 ही तपासणी, थायरॉइड, फॉस्फेट आणि व्हिटॅमिन डी एकदा करून घ्या. आणि बाकीच्या हाडांचाही एकदा शोध घ्यायला सांगा, कारण हा आजार कधी एका जागी असतो, कधी अनेक.

कॅल्शियमच्या गोळ्या, हाडं 'वितळवणारे' काढे, चूर्णं ह्यांच्यावर पैसे घालू नका. व्हिटॅमिन डी कमी निघालं तर ते भरून काढायचं, एवढंच. हाडाच्या दुखण्यासाठी एक इंजेक्शन कधीकधी देतात, त्याने दुखणं कमी होतं. बोगदा रुंद होत नाही.

आता सासूबाई. त्यांच्याबद्दल राग धरू नका. कारण सापडलं नाही की माणूस कुणाच्यातरी पदराला ते बांधतो. पण ह्याचं कारण सापडलेलं आहे. 1991 पासून ते आपल्याला ठाऊक आहे. गर्भ पोटात अगदी काही पेशींचा असताना, आईला दिवस गेल्याचा पत्ताही नसतो तेव्हा, त्यातल्या एका पेशीत जीएनएएस नावाच्या जनुकात आपोआप एक बदल घडतो. त्या पेशीपासून पुढे जी हाडं बनतात त्यांनाच हा आजार होतो. तो बदल तुमच्यात नाही, तिच्या वडिलांतही नाही. ग्रहण पाळल्याने, न पाळल्याने, सुरी-कात्री हातात घेतल्याने, काही खाल्ल्याने तो होत नाही आणि टळतही नाही. आणि तो तिच्या मुलाबाळांत उतरत नाही. हे मी तुमची समजूत काढायला सांगत नाहीये, आजार असाच आहे. लग्न ठरेल तेव्हा ठरेल. त्या घरच्यांना हा कागद दाखवायची वेळ आली तर खुशाल दाखवा.

शस्त्रक्रियेनंतरही डाव्या डोळ्याकडे लक्ष हवं. पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी, मग डॉक्टर सांगतील तसं, आणि पुढे आयुष्यभर वर्षातून एकदा तरी. त्यात फक्त तक्ता वाचून भागत नाही. रंगाच्या ठिपक्यांची तपासणी, नजरेच्या आवाक्याची फील्ड टेस्ट, आणि ओसीटी, ज्यात नसेच्या तंतूंची जाडी मोजतात. ओसीटीवर तंतू पातळ होताना दिसले तर नजर उतरायच्या आधीच सावध होता येतं. सीटी मात्र दर वर्षी नको. नजरेत फरक पडला, डोळा पुढे आला, असं काही झालं तरच. वय वाढतं, हाडांची वाढ पूर्ण होते, तसा हा आजार बहुतेकांत मंदावतो. तुमचे दुसरे सर्जन हे खरं बोलले होते. पण अचानक नजर उतरली, एकाची दोन दिसू लागली, डोळ्यामागे नव्याने ठणका लागला, तर तो दिवस वाया घालवायचा नाही. सण असो, परीक्षा असो.

आणि उजव्या डोळ्याची नजर पुरती नाही आली तर? तीही शक्यता बोलून ठेवलेली बरी. एका चांगल्या डोळ्यावर माणूस शिकतो, नोकरी करतो, संसार करतो. सुरुवातीला जिन्याची शेवटची पायरी चुकते, पेल्यात पाणी ओतताना बाहेर सांडतं, मग मेंदू शिकतो. तेव्हा नंबर नसला तरी न फुटणाऱ्या काचेचा चष्मा कायम घालायचा, त्या चांगल्या डोळ्याच्या संरक्षणासाठी.

राहता राहिला तिला सांगायचं की नाही हा प्रश्न. ताई, तिला ठाऊक आहे. बुधवारी आपण पुन्हा बोललो, तुम्ही फोन तिच्या हातात दिलात आणि बाहेर गेलात, तेव्हा तिने मला पहिलं वाक्य सांगितलं ते असं: "मॅडम, मी रिपोर्टातला शब्द मोबाइलवर शोधला, पण आईला सांगितलं नाही, ती घाबरेल." घरात तुम्ही तिच्यापासून लपवताय आणि ती तुमच्यापासून. आज रात्री जेवणं झाल्यावर तिच्याजवळ बसा आणि हे पत्र दोघी मिळून वाचा. 'गाठ' हा शब्द वापरू नका, कारण त्या शब्दाबरोबर माणसाच्या मनात जे येतं ते हे नाही. हाड चुकीचं वाढलंय, एके ठिकाणी फुगा आलाय, तो फुगा काढायचाय. एवढं सांगा. तिला सर्जनच्या खोलीतही बरोबर बसवा, तिचे प्रश्न तिला विचारू द्या.

तिने शेवटी मला विचारलं की डाव्या डोळ्यावर ती स्वतः घरी लक्ष ठेवू शकते का. हो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या उजेडात, कॅलेंडरपासून नेहमी त्याच फरशीवर उभं राहायचं. उजवा डोळा तळहाताने झाकायचा, बोटांनी नाही, बोटांच्या फटीतून दिसतं. रविवारचा आकडा लाल आहे ना ते बघायचं. मग बारीक अक्षरातली तिथी वाचायची आणि वाचता आली की त्या तारखेवर पेनने खूण करायची. एखाद्या महिन्यात खूण करता आली नाही, तर त्याच दिवशी मला फोन करायचा. माझा नंबर तिने सेव्ह केला आहे.